पातळी

एक्स-रेवाला पोरगा म्हणाला, "दादाजी, सांस रोको,"
आणि अच्युतदादानं तो इतका वेळ रोखला
की त्यालाच काचेआडून ओरडावं लागलं, "छोड़ो, छोड़ो!"
सरकारी नोकरीत मुरलेला माणूस,
हुकूम सुटल्याशिवाय हलायचा नाही.

फोटोत उजवी बाजू खालून पांढरी.
डॉक्टरीण तरुण, हनुवटी मफलरमध्ये बुडालेली.
न्यूमोनिया तर आहेच, म्हणाली,
पण ही रेघ बघा, कडेला वर चढलेली.
इथं पाणी असावं. नुसत्या फोटोवरून नाही सांगता येत.

पाणी म्हटल्यावर दादा चार दिवसांत प्रथमच उठून बसला.
छत्तीस वर्षं तिघऱ्याच्या धरणावर
पट्टी वाचण्यात गेलेली:
पहाटे सहा, दुपारी दोन, रात्री दहा.
लग्नाच्या दिवशीसुद्धा दोनची नोंद करून मगच मांडवात.
"किती फूट?" त्यानं विचारलं.

कुशीवर निजवून दुसरा फोटो काढला.
पाणी मोकळं असेल तर सरकतं म्हणे.
थोडं सरकलं. थोडं नाही.
मग सोनोग्राफी. बरगड्यांवर गार जेल,
पडद्यावर काळं तळं, तळ्यात जाळ्या.
"साडेचार सेंटीमीटर," ती म्हणाली.
दादा पडल्या पडल्या इंचात हिशोब करत राहिला.

सीटीचा नंबर परवाचा. सुई आजच.
पोटाशी उशी, उशीवर त्याचे हात, समोर मी.
"बाई, घट्ट धरा. खोकू द्यायचं नाही."
अकरा वर्षं आम्ही नीट बोललो नव्हतो,
अण्णांच्या श्राद्धाला कोणी कोणाला बोलावलं नाही
एवढ्यावरून.
आता त्याचं कपाळ माझ्या खांद्यावर,
तापलेलं, खोबरेलाच्या वासाचं,
आणि मला त्याचा श्वास मोजता येत होता,
अर्धा, अर्धा, अर्धा.

सिरिंजमध्ये आलं ते
बिनदुधाच्या चहासारखं, आणि गढूळ.
"गाळ आलाय," तो म्हणाला,
भादव्यात ऑफिसला फोनवर सांगायचा त्याच आवाजात.

तीन नळ्या. एक साखर-प्रथिनांची, एक पेशींची,
तिसरी कल्चरची, ती मुरारला न्यायची,
कारण इथलं मशीन सोमवारपर्यंत बंद.
शिवाय पहाटेच्या बेडक्याची डबी.
(थुंकी नको, खोल छातीतलं हवं,
हे वॉर्डबॉयनं त्याला खोकून दाखवलं होतं.)
"फ्रीजमध्ये ठेवू नका, उबेत न्या."
कंपूवरून टेम्पो धरला.
जानेवारीचं धुकं, किल्ला आहे की नाही कळेना,
स्वेटरच्या आत, पोटाशी, रुमालात गुंडाळलेली नळी.
समोरच्या बाईनं विचारलं, "अंडे हैं क्या?"
मी म्हटलं, हो.

जंतू आधी वाढू द्यायचा म्हणे,
मगच कळतं तो कशानं मरतो.
दोन दिवस. कदाचित तीन.
तोवर बोटाला चिमटा, ब्याण्णव, नव्वद, ब्याण्णव,
आणि सीटीच्या बोगद्यातून बाहेर येऊन दादाची तक्रार
की औषध शिरेत सोडलं तेव्हा
आपण मुतलो असं वाटलं. पण नाही, बघितलं.

पाणी कप्प्याकप्प्यांत अडकलेलं. शेवटी नळी घातली.
खाटेखाली बाटली, बाटलीवर रेघा,
श्वासागणिक नळीतलं पाणी वर, खाली.
दर आठ तासांनी लिहून ठेवा, नर्स म्हणाली.
मी माझ्या हिशोबाच्या वहीत रकाने पाडले.
रात्री दहाला उभ्यानंच वाकून वाचलं, "तीनशे साठ."

"वरून नको वाचूस," खाटेवरून आवाज आला.
"वरून नेहमी चुकतं.
डोळा पाण्याच्या रेघेत आण. खाली बस."

बसले. फरशी बर्फासारखी.
"मधे खोल असतं ते धरायचं, कडेला चढलेलं नाही."

तीनशे चाळीस.

"लिही," तो म्हणाला. "आणि पुढे सही कर."